हिटलर १९३९ मध्येच मारला गेला असता, तर दुसरे महायुद्ध टळले असते का?

टळले नसते, कारण ते सुरू झालेले होते. त्याची व्याप्ती मात्र बहुधा वेगळी राहिली असती. ही शक्यता निव्वळ काल्पनिकही नाही. म्युनिकमधील ब्युर्गरब्राउकेलर या बिअरगृहात गेओर्ग एल्झर नावाच्या सुताराने अनेक रात्री लपून राहून व्यासपीठामागचा खांब पोखरला आणि त्यात बॉम्ब दडवला. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी धुक्यामुळे विमानाऐवजी रेल्वेने बर्लिनला परतायचे असल्याने हिटलरने भाषण लवकर आटोपले आणि तो बाहेर पडल्यानंतर अवघ्या १३ मिनिटांनी, ९ वाजून २० मिनिटांनी स्फोट झाला.

तो वाचला नसता, तर १ सप्टेंबरलाच वारस म्हणून जाहीर झालेला जर्मन वायुदलप्रमुख गोअरिंग सत्तेवर आला असता. तो काही सज्जन नव्हे. पण ब्रिटनशी युद्ध त्याला नको होते आणि ऑगस्टमध्ये त्याने एका स्वीडिश मध्यस्थामार्फत लंडनशी बोलणीही चालवली होती. तरी पोलंड सोडायला तो तयार झाला नसता आणि त्याविना ब्रिटन-फ्रान्सने तह केला असता, असे मला वाटत नाही.

खरा फरक पश्चिम आघाडीवर पडला असता. बेल्जियम-लक्झेंबर्गमधील आर्देनच्या जंगलातून फ्रान्समध्ये रणगाडे घुसवण्याची जर्मन सेनानी मानस्टाइनची योजना वरिष्ठ सेनानींना धोक्याची वाटत होती. ती उचलून धरली हिटलरनेच. त्याच्याविना फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळणे अवघड होते आणि फ्रान्स उभा असताना रशियावर चाल करून जाण्याचे धाडस गोअरिंगने क्वचितच केले असते.