खाकी दिसली की पोरगं पळतं, डोक्यावर परिणाम झाला असेल का?

पालावरच्या आया मला हे नेहमी विचारतात. एकीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पारधी कुटुंब, गावाबाहेर पाल. गावात चोरी झाली की गाडी आधी पालावरच येते, तशी एका रात्री आली आणि बापाला पोरासमोर मारत नेलं. दोन दिवसांनी सोडलं, केस काहीच नव्हती, पण नऊ वर्षांचं पोरगं झोपेत ओरडायला लागलं, अंथरूण ओलं करायचं, आणि शाळेच्या रस्त्यावर चौकी म्हणून शाळा पण बंद.

आईला म्हटलं, मावशी हे वेड नाही, एवढं बघितल्यावर शरीर सारखं सावध राहतं, कुत्रं भुंकलं तरी छाती धडधडते. पण "आता काही होणार नाही" असं त्याला सांगू नका, गाडी परत येऊ शकते हे त्याला पण माहितीय, खोटा धीर दिला तर तुमच्यावरचा विश्वास जाईल.

दोन-चार भेटींनी कळलं की त्याला भीतीपेक्षा लाज जास्त खात होती, वर्गातली पोरं म्हणायची तुझा बाप चोर. तिथं कामाला आली त्याची आजी. तिचा बाप सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना डांबायच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणात, रोज हजेरी. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला पण लोकांची नजर तशीच राहिली, हे तिने तिच्या भाषेत नातवाला सांगितलं, रोज थोडं थोडं. दोष बापाचा नाही हे माझ्यापेक्षा आजीच्या तोंडून त्याला पटलं.

तिकडे बायका एकत्र बसल्या, कायदा समजून घेतला. अटक केली तर घरच्यांना कळवावं लागतं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं, अपवाद सोडला तर रात्री बाईला अटक करता येत नाही. आता कुणाला नेलं की चार जणी मिळून स्टेशनला जातात. पोराला पण काम दिलं, वकिलाचा नंबर त्याने पाठ केलाय. "ही माणसं चिवट असतात, सोसतात" असं कुणी कौतुकाने म्हटलं की मला राग येतो, सोसून कुणी बरं होत नाही, सोबत मिळाली तर होतं.

शाळा सुरू झालीय, मोठ्या बहिणीसोबत जातो, सायरन ऐकला की अजून दचकतो. तुमच्या पोराचं असं महिनाभर चाललं असेल तर थांबू नका, टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.