वेबसाइटवरच्या बटनाला बॅकग्राउंड इमेज आहे, पण क्लिक फक्त अक्षरांवरच होतं. पूर्ण बटन क्लिक व्हावं आणि मजकूरही बदलता यावा, यासाठी काय करू?

तुमचा सहकारी म्हणतोय की मजकूर फोटोशॉपमध्येच इमेजवर घालून टाक. त्याचं ऐकू नका. याच सल्ल्यापायी माझी 2014 ची दिवाळी गेली.

तेव्हा बेळगावात आम्ही दोघे भागीदारीत साइटी करायचो. तिथल्याच शहापुरातल्या एका कुंद्याच्या (बेळगावची मिठाई) दुकानाचं काम होतं. बटनं पाच, पितळी रंगाची. आमच्याकडे सगळं तीन भाषांत लागतं, मराठी, कन्नड, इंग्रजी. भागीदाराने अक्षरं इमेजमध्येच घातली. शिवाय माउस नेल्यावर दिसायचं रूप वेगळं, म्हणजे एकूण 30 इमेजा. दिवाळीला चार दिवस असताना दुकानाच्या काकांचा फोन, "'अर्धा किलो मागवा' काढ, 'पाव किलोपासून मागवा' घाल." मूळ फाइली भागीदाराच्या लॅपटॉपवर, तो पुण्याला, फोन बंद. रात्रभर बसून मी इमेजांवरची अक्षरं पुसली, कोरी इमेज एलआय टॅगला (लिंकभोवतीच्या डब्याला) बॅकग्राउंड दिली आणि मजकूर आतल्या लिंकमध्ये टाइप केला. सकाळी काका मोबाइल घेऊन दारात. "किती दाबालोय बघ, काय होईनाच की!" त्यांचा अंगठा बटनाच्या कडेवर आणि लिंक फक्त अक्षरांपुरती.

तुमचंही हेच झालंय. इमेज बाहेरच्या डब्याला आणि आतली लिंक इनलाइन, म्हणजे ओळीतल्या अक्षरांपुरतीच. इनलाइनला विड्थ-हाइट लागूच होत नाही. इमेज आणि पॅडिंग (अक्षरांभोवतीची मोकळी जागा) दोन्ही अँकर टॅगलाच, म्हणजे लिंकच्या टॅगला द्या, त्याचा डिस्प्ले इनलाइन-ब्लॉक (ओळीत राहूनही मापं घेणारा डबा) करा, बाहेरच्या डब्याचं पॅडिंग काढा. अंगठ्यासाठी उंची निदान 44 पिक्सेल ठेवा.

भागीदार परतल्यावर मलाच म्हणाला, "इमेजमध्ये अक्षरं होती तेव्हा पूर्ण बटन चालत होतं ना? आणि ब्राउझरमध्ये देवनागरीचे उकार कापले जातात." उकार कापले जात होते, खरं आहे. पण त्यानेच हाइट 30 पिक्सेलवर बांधली होती, लाइन-हाइट 1, म्हणजे ओळीची उंची अक्षराइतकीच, आणि वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर आलेलं दिसणारच नाही. त्यात उकार मावणार कुठून? कन्नडची ओत्तक्षरं (जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं) तर आणखी खाली उतरतात. मी हाइट काढून मिन-हाइट (किमान उंची) दिली, पॅडिंग एममध्ये (अक्षराच्या आकारावर चालणारं माप), लाइन-हाइट 1.5. दोन्ही लिप्या नीट दिसल्या. तरी त्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. बॅकग्राउंड इमेजमधली अक्षरं स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाहीत, म्हणजे ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्या गिऱ्हाइकाला ते बटन कसलं हेच कळत नाही, हेही त्याला सांगून झालं होतं. आता तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मोफत फॉन्ट आहेत, देवनागरीला बलू 2 आणि कन्नडला बलू तम्मा 2, एकाच घराण्यातले. अक्षर चांगलं दिसत नाही ही सबब उरलेली नाही.

इमेजच्या जोडीला बॅकग्राउंड कलरही द्या, नाहीतर नेट मंद असताना पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं येतात. आणि हे सगळं दुसऱ्या पानावर नेणाऱ्या बटनासाठी झालं. फॉर्म पाठवायचा असेल तर बटन टॅग वापरा, त्याच्या आत अँकर घालू नका. लांब मजकुराला इमेज ताणली जात असेल तर बॉर्डर-इमेज (कडांना इमेज लावायची सोय) बघा, तिच्यात कोपरे जसेच्या तसे राहतात. दुकानाचा लोगो तेवढा इमेजमध्ये राहू दे.