एलिस पेरीसारखं दोन खेळांत करिअर जमतं का? मुलगी १२ वर्षांची आहे, क्रिकेट-फुटबॉल दोन्ही खेळते, कोच म्हणतात एक सोड. काय करू?

सोडायला लावू नका. एवढ्यात तर अजिबात नको.

पेरीचं म्हणाल तर १६ व्या वर्षी, जुलै २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून पहिली वनडे, आणि दोन आठवड्यांत फुटबॉलमध्ये हाँगकाँगविरुद्ध पहिली मॅच, त्यात दुसऱ्याच मिनिटाला गोल. २०११ च्या वर्ल्डकप क्वार्टर फायनलला स्वीडनविरुद्ध तिने लांबून डाव्या पायाने मारलेला गोल मुलीला नक्की दाखवा. पण मला कायम आठवतो तो २०१० च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकप फायनलचा शेवटचा बॉल. न्यूझीलंडला ५ हव्या होत्या, बॉलिंगला पेरी, सोफी डिव्हाईनने सरळ दणकावला, चौकार गेला असता तर मॅच टाय, आणि पेरीने उजवा पाय मध्ये घातला, बॉल पायाला लागून मिड-ऑनकडे वळला, एकच रन मिळाली, ऑस्ट्रेलिया ३ रनांनी जिंकली. तो पाय फुटबॉलवालीचाच होता, माझं तर ठाम मत आहे.

मी हे एवढं पोटतिडकीने लिहितेय कारण मी शाळेत खो-खो खेळायचे आणि १०० मीटरही पळायचे. सर म्हणाले, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस, आणि जिल्ह्याच्या मॅचेस आठवड्यावर असताना मला खो-खोच्या टीममधून काढलं. आता बघा, माझा स्टार्ट सगळ्यांत चांगला का होता? पाटीवर उकिडवं बसून मागून खो मिळाला की क्षणात उठून सुटायचं, हे मी रोज संध्याकाळी शंभरदा करत होते म्हणून! ते बंद झालं, पुढच्या सीझनला माझा स्टार्ट गेला, आणि सरांनी निदान केलं की हिचं लक्ष नाही. टीम जिल्ह्याला खेळत होती तेव्हा मी ग्राउंडच्या कडेला स्पाइक्स घालून बसले होते, ते अजून विसरले नाहीये.

हां, एक सांगायला हवं, पेरीलाही पुढे फुटबॉल सोडावा लागला, आणि आता दोन्ही खेळांचं कॅलेंडर इतकं भरलेलं असतं की सीनियर लेव्हलला दोन्ही टिकवणं जवळपास अशक्य आहे. पण ती तोवर दोन्हीकडून देशासाठी खेळून झाली होती, बाराव्या वर्षी कुणी तिच्या हातातून काही काढून घेतलं नव्हतं. आणि मुलीचे गुडघे, पाठ दुखत असतील तर मात्र दोन्ही कोचना एकत्र बसवून प्रॅक्टिसचे दिवस ठरवा, एकाच दिवशी दोन्ही नको.

सर आता रिटायर झालेत. लग्नकार्यात भेटले की अजूनही म्हणतात, तेव्हा एकच धरलं असतंस तर कुठे गेली असतीस. सर, मी एकच धरलं होतं, तुम्ही सांगितलेलं, आणि दोन वर्षांत तेही सुटलं.