पाळक बोलतात, मंडळी मान डोलावते

"मी सांगतो तेव्हा सगळे 'आमेन' म्हणतात. सोमवारी मात्र एकही माणूस हलत नाही." पाळक (चर्चचे धर्मगुरू) असोत, तरुण संघाचे पुढारी असोत की महिला मंडळाच्या अध्यक्षा, मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, पुढारपण करणारे माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकदा हेच वाक्य घेऊन येतात. त्यांतल्याच एकांची ही हकिकत. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

नगर जिल्ह्यातल्या जुन्या मंडळीचे हे पाळकसाहेब, वय 38, बदलून येऊन दोन वर्षं झालेली. चर्चच्या कंपाउंडात मिशनच्या काळातली शाळेची एक खोली कुलूप लावून पडलेली. तिथे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांसाठी अभ्यासिका काढावी, असं त्यांच्या मनात होतं. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्याकडे निघतात, पोरंही बैलगाडीत बसतात, आणि शाळा सुटते ती बरेचदा कायमची. आजीआजोबांपाशी मागे राहिलेल्या पोरांना निदान संध्याकाळी कोणी घेऊन बसलं, दोन घास दिले, तर ती टिकतील. कल्पनेत खोट काढायला जागा नव्हती.

सलग चार रविवार त्यांनी त्यावरच उपदेश केला. प्रोजेक्टर लावला, 'पाच वर्षांचं व्हिजन' दाखवलं. मग कमिटीची बैठक झाली आणि खजिनदारांनी विचारलं, "ते ठीक आहे, पण चर्चच्या छताचं काय?" पाळकसाहेब तिथेच खचले. तेव्हापासून शनिवारी रात्री झोप लागेना.

"यांना दृष्टीच नाही हो, ताई," ते मला म्हणाले.

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या, हे कबूल करते. वाक्यं आखूड करा, आकडे कमी करा, एकाच मुलाची गोष्ट सांगा, असलं काहीबाही सुचवलं. त्यांनी इमानेइतबारे तसं केलं. पुन्हा आमेन, पुन्हा सामसूम.

तिसऱ्या वेळी त्यांना उपदेशाची वही आणायला सांगितली. हातात लाल पेन दिलं आणि म्हटलं, "'मी', 'तुम्ही' आणि 'आपण', तिन्ही शब्दांखाली रेघ मारा." पानभर रेघा झाल्या. 'देवाने मला दाखवलं', 'तुम्ही पुढे यायला हवं'. 'आपण' एकदाच होतं, शेवटच्या ओळीत: 'आपण प्रार्थना करू या.' वहीकडे बघून ते बराच वेळ गप्प बसले.

बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक त्यांना माझ्यापेक्षा शंभर पटींनी पाठ. तरी विचारलं, यरुशलेमचा पडका तट पुन्हा बांधायला नहेम्या तिथे पोहोचला, तेव्हा तो लगेच बोलला का? नाही. तीन दिवस गप्प. मग रात्री थोडी माणसं घेऊन पडका तट बघत फिरला, अधिकाऱ्यांनाही पत्ता नव्हता. बोलला तेव्हा सुरुवातच आपली सगळ्यांची दशा काय झाली आहे इथून केली. पुढे कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा तट बांधला. काम 52 दिवसांत उरकलं हे सगळे सांगतात. मधेच कर्जाने गांजलेल्या लोकांची ओरड झाली आणि तीही त्याला ऐकावी लागली, हे फारसं कोणी सांगत नाही.

"छताचं विचारणारे काका कोण?" मी विचारलं. आडनाव त्यांना ठाऊक होतं. बाकी काही नाही.

ठरलं असं: सहा आठवडे अभ्यासिकेचा शब्द काढायचा नाही. घरोघर जायचं, चहा प्यायचा, विचारायचं आणि ऐकायचं. त्यांना हे पळपुटेपणाचं वाटलं. आजाऱ्यांना भेटायला तर जातोच की, म्हणाले. जात होते, पण प्रार्थना करून दहा मिनिटांत उठत होते.

चौथ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. काकांनी तरुणपणी त्या छतावर स्वतः चढून कौलं बसवली होती. आणि बंद खोलीची किल्ली एका आजींच्या ट्रंकेत होती. त्यांचे मालक तिथे मास्तर होते. पाळकसाहेब 'परिवर्तन' म्हणाले की आजींना वाटे, आता खोली पाडणार. विरोध असा कोणी केलाच नव्हता. जपून ठेवलेल्या गोष्टीचं काय होणार, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

ऐकून घेतलं की सगळे राजी होतात, असा माझा अनुभव नाही. इथेही एका घराने स्पष्ट नकार दिला, आणि त्यांची कारणं मला पटण्यासारखी वाटली. ज्याला नाही म्हणायची मुभा नाही, त्याच्या हो म्हणण्यावर किती विसंबायचं?

सहा आठवडे संपले त्या रविवारी पाळकसाहेब जेमतेम चार मिनिटं बोलले. प्रोजेक्टर नव्हता. आजींनी किल्ली रुमालात गुंडाळून आणली होती. बैठकीत खजिनदार काकांनी चष्मा पुसत विचारलं, "लाइटबिल कोण भरणार?"

"ठाऊक नाही, काका," पाळकसाहेब म्हणाले. "आपण काय करू या?"

काकांनी वही उघडली. छताचा खर्च आधी लिहिला, मग लाइटबिलाचा.