बाससाठी हलका कास्टिंग रॉड कसा निवडावा आणि कसा वापरावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजवर स्पिनिंग रॉड (रीळ खाली लोंबतं तो) वापरला, आता बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी हलका कास्टिंग रॉड (रीळ वर बसतं तो) घ्यायचाय, ५ ते १० ग्रॅमची ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिषं, टाकायची आहेत. रॉड कोणता घ्यावा, आणि दोराचा गुंता न होऊ देता तो चालवावा कसा?

खरेदीत फसगत होते ती एका ठिकाणी. हातात हलका लागणारा रॉड आणि हलकं ल्युअर फेकू शकणारा रॉड, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाचा हेवी पॉवरचा, म्हणजे कडक, रॉड आरामात मिळतो. मनगटाला तो अगदी हलका वाटतो, पण ७ ग्रॅमच्या ल्युअरनं त्याचं टोकही नीट वाकत नाही. रॉड वाकून सरळ होताना ल्युअरला वेग देतो. तो वाकलाच नाही तर तुम्ही नुसत्या हाताच्या जोरावर फेकता, फेक झटक्यानं होते आणि गुंता ठरलेला. म्हणून रॉडचं स्वतःचं वजन नंतर बघा, आधी मुठीच्या वर छापलेले आकडे वाचा.

तिथे लांबी, पॉवर, ॲक्शन, ल्युअरचं वजन आणि दोराची ताकद लिहिलेली असते. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट असेल तर वरच्या तिसऱ्या हिश्शात, मॉडरेट असेल तर साधारण मध्यापर्यंत. पॉवरच्या नावांवर मी फारसा विसंबत नाही, कारण एका कंपनीचा मीडियम लाइट दुसऱ्या कंपनीच्या मीडियमइतका कडक निघू शकतो. ल्युअरच्या वजनाचा आकडा जास्त भरवशाचा. तुमच्या कामाला १/८ ते १/२ औंस, म्हणजे ३.५ ते १४ ग्रॅम लिहिलेला, मीडियम लाइट किंवा मऊ बाजूचा मीडियम रॉड योग्य. छापलेल्या मर्यादेच्या दोन्ही टोकांना रॉड कुरकुरतो. असा रॉड मनापासून चालतो तो ५ ते ११ ग्रॅमच्या दरम्यान.

वजन मोजताना फक्त शिसं धरू नका. १/८ औंसाचं शिसं, गळ आणि चार इंची सॉफ्ट प्लास्टिक (मऊ प्लास्टिकचं आमिष) मिळून ८ ग्रॅमच्या आसपास जातात. पाच इंची, काडीसारखं सरळ, मीठ घातलेलं सॉफ्ट प्लास्टिक तर शिशाशिवायच ९-१० ग्रॅम भरतं. त्यामुळे ते या रॉडवर उत्तम जातं. उलट छोट्या गळाला लावलेली तीन इंची अळी, १/१६ औंसाचं जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) असला ३-४ ग्रॅमचा सरंजाम स्पिनिंगलाच ठेवा. त्याच्यासाठी बेट फिनेस नावाची खास हलकी कास्टिंग रिळं आणि रॉड असतात, पण तो पुढचा टप्पा. पहिल्याच कास्टिंग रॉडवर ३ ग्रॅम टाकायला गेलात तर कंटाळून सोडून द्याल.

लांबी ६ फूट ६ इंच ते ७ फूट. काठावरून झाडीखाली, ओंडक्यांच्या फटीत नेमकं टाकायचं असेल तर साडेसहा. मोकळं पाणी आणि लांब फेक असेल तर सात. ॲक्शन गळ बघून ठरवा. तिहेरी गळाची छोटी क्रँकबेट (ओढली की पाण्यात बुडी मारणारी माशासारखी आमिषं) आणि टॉपवॉटर (पाण्यावर तरंगणारी) जास्त वापरणार असाल तर मॉडरेट फास्ट घ्या. बारीक तिहेरी गळ ओठाला वरवर लागलेला असतो, रॉडमध्ये मऊपणा नसेल तर मासा डोकं झटकून तो सोडवतो. एकेरी गळाच्या टेक्सस रिगला, म्हणजे गळाचं टोक सॉफ्ट प्लास्टिकमध्ये लपवलेल्या जुळणीला, फास्ट बरा, कारण गळाचं टोक आधी प्लास्टिकमधून आणि मग जबड्यातून जायचं असतं. दोन्ही करायचं असेल आणि रॉड एकच असेल तर फास्ट घ्या आणि ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोर सुटू देणारा रिळातला ब्रेक) थोडा सैल ठेवून क्रँकबेट चालवा.

ब्लँकच्या, म्हणजे रॉडच्या मूळ नळीच्या, कार्बनबद्दल एवढंच की, हाय मॉड्युलस (जास्त ताठ) कार्बन हलका आणि संवेदनशील असतो, पण ठोकर सहन करत नाही. बोटीत, दगडांत वावरणाऱ्यानं मधल्या प्रतीचा कार्बन घेतला तर १५-२० ग्रॅम जास्त पडतात आणि रॉड जास्त टिकतो. मी तोच घ्यायला सांगेन.

दुकानात रीळ बसवूनच रॉड पारखा. रिळाच्या थोडं पुढे एका बोटावर तोलून बघा. टोक जोरात खाली जात असेल तर तो रॉड वजनानं कितीही हलका असला तरी दोन तासांत मनगट भरून येईल. मुठीकडून डोळा लावून टोकापर्यंत सगळे गाइड (ज्यांतून दोर ओवतात ते) एका रेषेत आहेत का पाहा. प्रत्येक गाइडच्या आतल्या कडीत कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे, आणि तीच चीर पुढे दोर कापणार. वाक बघायचा असेल तर टोक हातात धरून वाकवू नका, रॉड मोडण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे. दोर गाइडमधून ओवून दुसऱ्याला धरायला सांगा आणि मग हळू उचला.

आता रीळ, कारण कित्येकदा रॉड बरोबर असतो आणि घोडं इथे अडतं. स्पिनिंगमध्ये स्पूल (दोर गुंडाळलेली रिळातली चकरी) स्थिर असतं, दोर त्याच्यावरून सुटत जातो. कास्टिंगमध्ये ल्युअरला स्वतःच्या ओढीनं स्पूल फिरवावं लागतं. स्पूल खोल, त्यावर शंभर-दीडशे मीटर दोर, आणि ओढणारं ल्युअर ७ ग्रॅमचं, मग ते हलणार कसं? उथळ स्पूलचं रीळ घ्या. आहे तेच खोल स्पूल वापरायचं तर खाली स्वस्त नायलॉन भरून वर फक्त ५०-६० मीटर कामाचा दोर घ्या, त्यानं वजन फारसं घटत नाही, पण कामाचा दोर वाचतो. स्पूलच्या काठापासून दोनेक मिलिमीटर खाली थांबलात की पुरे. उथळ स्पूलला खालच्या भरतीची गरज नाही आणि फिरणारं वजनही कमी, म्हणून पैसे खर्च करायचेच तर रॉडआधी तिथे करा. गिअर ७:१ च्या आसपास (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सात फेरे) असला की सगळी कामं भागतात. आणि एक लक्षात ठेवा, कास्टिंग रिळाचं हँडल स्पिनिंगसारखं काढून दुसऱ्या बाजूला लावता येत नाही. डाव्या हाताने फिरवायची सवय असेल तर डाव्या हँडलचंच रीळ मागून घ्या.

शिकायच्या काळात १० पाउंड ताकदीचा मऊ नायलॉन लावा. तो गुंतला तर सुटतो, आणि वाया गेला तर हळहळ वाटत नाही. हात बसला की ८ ते १० पाउंडाचा फ्लुरोकार्बन घ्या. तो पाण्यात बुडतो आणि माशाची बारीक टोच हातापर्यंत पोचते. पण पॉपरसारख्या तरंगत्या ल्युअरला तो चालत नाही, नाक खाली ओढतो. गाठ बांधताना फ्लुरोकार्बन ओला करून सावकाश आवळा. कोरडा आवळला की घर्षणाच्या उष्णतेनं गाठीपाशी कमजोर होतो. पालोमार गाठ दोन्हींना चालते. विणलेला दोर लावायचा तर २० पाउंडाच्या खाली जाऊ नका. फार बारीक विणलेला दोर ताण आल्यावर स्वतःच्याच थरात रुततो आणि पुढच्या फेकीत अचानक अडकतो. तो स्पूलवर घसरतोही, म्हणून खाली नायलॉनची दहा-बारा वेटोळी हवीच.

जुळवणी अशी करा. जे ल्युअर वापरणार तेच बांधा. हँडलच्या बाजूचा टेन्शन नॉब इतकाच आवळा की स्पूल डावी-उजवीकडे हललं तर जेमतेम जाणवावं. दूरच्या बाजूचा ब्रेक सुरुवातीला तीन चतुर्थांशावर ठेवा. रॉड साधारण घड्याळातल्या दहाच्या काट्यासारखा धरून स्पूल मोकळं करणारं बटण दाबा. ल्युअर सावकाश उतरायला हवं, आणि जमिनीला टेकताच स्पूल जवळजवळ थांबायला हवं. थांबल्यावरही दोराचे ढिले वेढे वर येत असतील तर नॉब किंचित आवळा. पण नॉब करकचून आवळून गुंता टाळायची सवय लावू नका, हलक्या ल्युअरची फेक तिथेच मरते. काबू ठेवायचा तो ब्रेकनं आणि अंगठ्यानं. ल्युअर बदललं की ही जुळवणी पुन्हा.

चुंबकी आणि सेंट्रिफ्यूगल (फिरण्यानं बाहेर फेकल्या जाणाऱ्या ठोकळ्यांच्या घर्षणावर चालणारा) ब्रेकचा फरकही समजून घ्या. सेंट्रिफ्यूगलचा जोर स्पूलच्या वेगाच्या वर्गानुसार वाढतो. म्हणजे सुरुवातीच्या भन्नाट वेगाला तो घट्ट पकडतो आणि वेग उतरला की चटकन सोडून देतो. चुंबकी ब्रेक साधारण वेगाच्या प्रमाणात, शेवटपर्यंत थोडाथोडा धरून राहतो. हलकं ल्युअर आणि समोरचा वारा असेल तर चुंबकी सांभाळायला सोपा, शिवाय बाहेरून फिरवून बदलता येतो.

फेकताना ट्रिगर (रिळाच्या खाली मुठीला असलेला बोट अडकवायचा आकडा) मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या मागे घ्या. उजव्या हाताने टाकत असाल तर मनगट आत वळवा, म्हणजे रिळाचं तोंड वर न राहता डावीकडे येईल. मनगट मोकळं वळतं ते याच स्थितीत. ल्युअर टोकापासून वीतभर लोंबू द्या, अगदी टोकाशी टेकलेलं ठेवलंत तर रॉड वाकतच नाही. अंगठा स्पूलवर, बटण दाबलेलं. रॉड मागे नेऊन क्षणभर थांबा, ल्युअरच्या वजनानं टोक मागे वाकल्याचं हाताला कळू द्या, आणि मग वेग हळूहळू वाढवत पुढे आणा. शेवटी टोक दहाच्या काट्यावर थांबवा आणि अंगठा उचला. ल्युअर पाण्यावर पुढ्यातच आपटलं तर अंगठा उशिरा सुटला, आभाळात गेलं तर लवकर. हलक्या ल्युअरला डोक्यावरून टाकण्यापेक्षा बाजूनं, टोकाचं छोटं वर्तुळ फिरवून टाकलेली फेक सोपी जाते. त्यात रॉड सतत वाकलेला राहतो, जोर लावावाच लागत नाही.

ल्युअर हवेत असताना अंगठा स्पूलपासून केसभर वर ठेवा. ते पाण्याला लागायच्या निमिषभर आधी अंगठा हलकेच टेकवा, लागताच घट्ट. सगळी विद्या या एका अंगठ्यात आहे, आणि ती सुट्या मैदानात, गळ काढलेल्या ७ ग्रॅमच्या वजनावर सराव करूनच येते. त्याला दुसरा रस्ता नाही.

गुंता होईलच. तो कुठे झाला ते बघितलं तर कारण सापडतं. फेक सुटल्यासुटल्याच झाला तर तुम्ही झटका दिला आहे, किंवा ब्रेक कमी आहे. मध्येच झाला तर वाऱ्यानं ल्युअरचा वेग मोडला आणि स्पूल मात्र फिरत राहिलं. ब्रेक एक-दोन घरं वाढवा आणि फेक पाण्यालगत ठेवा. ल्युअर पाण्यात पडल्यावर झाला तर अंगठा उशिरा आला, तिथे ब्रेक वाढवून उपयोग नाही. सोडवताना ओढाताण करू नका. ड्रॅग आवळा, रीळ गिअरमध्ये घ्या, अंगठा स्पूलवर घट्ट दाबून हँडल दोन-तीन वेळा फिरवा, मग बटण दाबून दोर हळूच बाहेर ओढा. बहुतेक गुंते दोन-तीन खेपांत सुटतात. न सुटलेल्या ठिकाणी दिसणारं वेढं बोटानं किंवा टूथपिकनं वर उचला. फ्लुरोकार्बनला मुरड पडून पांढरट खूण दिसली तर त्या खुणेपर्यंतचा दोर कापून टाका. तो मासा लागल्यावर तिथेच तुटतो.

गळ बसवताना रॉडच्या कुवतीचं भान ठेवा. असा रॉड जाड तारेचा ५/० गळ (शून्याआधीचा आकडा मोठा तितका गळ मोठा) बासच्या जबड्यात रुतवू शकत नाही. बारीक तारेचे १/० ते ३/० गळ वापरा आणि टोकाला दर आठवड्याला कानस दाखवा किंवा गळ बदला. टोच लागली की ढिला दोर गोळा करा, मग रॉड बाजूला लांब, जोरदार ओढा. तिहेरी गळाला तर नुसतं वेगानं गुंडाळत रॉड बाजूला नेला तरी पुरतं. ड्रॅग दोराच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्के ठेवा. १० पाउंडाच्या दोराला सव्वा किलोच्या आसपास. स्प्रिंगकाटा दोराला लावून मोजा, अंदाजानं बहुतेक जण दुप्पट आवळतात.

मासा खेळवताना रॉड पाण्याशी ४५ ते ६० अंशांत ठेवा. तो ओंडक्याकडे धावला तर रॉड आडवा करून बाजूनं ओढा. उडी मारणार असं दिसलं, दोर वर चढायला लागला, की टोक पाण्याकडे न्या आणि ताण सोडू नका. मासा बोटीजवळ आल्यावर रॉड उभा करून मागे झुकवणं टाळा. तेव्हा सगळा भार बारीक टोकावर येतो आणि चांगले चांगले रॉड तिथे मोडतात. रॉडनं मासा उचलून आत घेऊ नका. जाळी वापरा, किंवा खालचा जबडा अंगठ्यानं धरा आणि मोठा असेल तर पोटाला दुसऱ्या हाताचा आधार द्या.

काम झाल्यावर ल्युअरचा गळ गाइडच्या कडीत अडकवू नका, त्यानंच कडीला चीर पडते. मुठीजवळ हुक कीपर (गळ अडकवायची छोटी कडी) असतो, तो त्यासाठीच आहे. दोन भागांचा रॉड असेल तर सांधा पुसून, वळवत वळवत काढा. ठेवण्यापूर्वी ड्रॅग सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देत सुटतो.