मरण स्वस्त झालं की भीती गेली
गेमिंग: वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं दोनच प्रकारच्या गेमबद्दल आहेत. एक अंधारात घाबरवणारे, दुसरे हातात बंदूक देणारे. परीक्षा उरकून सुट्ट्या लागल्याचा हा परिणाम असावा. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यातला एकेक इथं घेतला आहे.

प्रश्न: आउटलास्ट सुरू केला तेव्हा पहिल्या तासात अक्षरशः घाम फुटला. नंतर भीती गेली ती गेलीच. यात हत्यारच नाही म्हणून हा सगळ्यात भीतीदायक, असं सगळे सांगत होते. मग असं का झालं? शेवटपर्यंत भीती टिकते असा गेम कोणता? (एक वाचक, लातूर)

उत्तर: हत्यार काढून घेतलं की भीती आपोआप येते, हा समज २०१० च्या 'अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट'पासून फोफावला. २०१३ च्या आउटलास्टनं तोच रस्ता धरला आणि बंदुकीऐवजी नाइट व्हिजनचा कॅमेरा दिला. तुमची भीती गेली त्याला कारण वेगळं आहे. आउटलास्ट जागोजागी आपोआप सेव्ह होतो. पाठलागात सापडलात तर थोडं मागं जाऊन पुन्हा उभे राहता. दोन-तीनदा मेलं की तो कुठून येतो, कुठलं दार उघडं आहे, कुठल्या पलंगाखाली शिरायचं हे पाठ होतं. पुढं भीती उरत नाही, पाठांतर उरतं. हॉरर गेम पारखताना म्हणूनच राक्षस किती विद्रूप आहे ते पाहू नका. मेल्यावर तुमचं किती नुकसान होतं ते पाहा.

त्या हिशोबात 'एलियन: आयसोलेशन' (२०१४) अजूनही वरचढ आहे. सेव्ह करायला भिंतीवरच्या फोनच्या पेटीपर्यंत चालत जावं लागतं. कार्ड आत सरकवायचं, तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत थांबायचं, आणि तेवढ्या वेळात मागून कुणी आलं तर वीस मिनिटांची मेहनत पाण्यात. त्यात पाठलाग करणारा हा एलियन पाठ होत नाही. त्याच्यामागं दोन यंत्रणा आहेत. एकीला तुम्ही कुठं आहात हे कायम ठाऊक असतं, पण ती दुसरीला फक्त 'त्या बाजूला शोध' एवढंच सुचवते. प्रत्यक्ष एलियन स्वतःच्या डोळ्या-कानांनीच शोधतो. नवखे खेळाडू इथं हमखास लोखंडी कपाटात जाऊन बसून राहतात. त्यापेक्षा टेबलाआड वाकून त्याच्या उलट बाजूनं सरकत राहणं बरं. पळू नका, पावलांचा आवाज त्याला कळतो. छतातल्या झरोक्यातून लाळ ठिबकताना दिसली तर तिथून जाऊच नका, तो वर दबा धरून बसलेला असतो. फ्लेमथ्रोअर (आग फेकणारं हत्यार) मिळाला म्हणून हुरळून जायचं कारण नाही. पहिल्यांदा तो ज्वाळा पाहून पळतो, वारंवार वापरला की सरावतो.

हत्यार असूनही भीती कशी टिकते हे पाहायचं असेल तर 'रेसिडेंट ईव्हिल २'ची २०१९ मधली नवी आवृत्ती घ्या. आपण ज्याच्या रूपात खेळतो त्या लिऑनकडे सुरुवातीला सामानाचे ८ खाने. बंदूक, गोळ्या, औषधी पाला, किल्ली ठेवली की पिशवी भरली. झोंबी डोक्यात तीन-चार गोळ्या खाऊनही उठतो. नवीन माणूस दिसेल त्याला मारत सुटतो आणि पोलीस स्टेशन निम्मं व्हायच्या आत खिसे रिकामे. तिथं मारायचा हट्ट सोडायचा. ज्या बोळातून चार-पाचदा ये-जा करायची तेवढाच साफ करायचा. एकदाच जायचं असेल तिथं पायात गोळी घालून पाडायचं आणि बाजूनं निघून जायचं. लाकडी फळ्या मिळतात त्या वर्दळीच्या बोळातल्या खिडक्यांना ठोकायच्या, नाहीतर साफ केलेल्या जागी नवे आत येतात. नेम धरल्यावर क्षणभर न हलता थांबलं की नेमाचं चिन्ह आवळतं आणि ती गोळी जास्त लागते. झोंबी अंगावर येत असताना तो क्षण थांबणं, हाच या गेमचा गाभा. पहिल्यांदा स्टँडर्ड या मधल्या पातळीवर खेळा, मग हार्डकोअर या अवघड पातळीवर. हार्डकोअरमध्ये आपोआप सेव्ह होत नाही आणि हातानं सेव्ह करायला शाईची रिबन खर्चावी लागते.

'डेड स्पेस'मध्ये (२००८, नवी आवृत्ती २०२३) डोक्यात गोळी घालायची सवय सोडा, हातपाय छाटा. सामान उघडलं तरी गेम थांबत नाही, हे पहिल्याच तासात जिवावर बेतून कळतं. जवळ जी हत्यारं बाळगाल त्यांच्याच गोळ्या शत्रूंकडून मिळतात. चार हत्यारं घेऊन फिरलात तर चौघांच्याही थोड्याथोड्या मिळतील. सुरुवातीलाच मिळणारा प्लाझ्मा कटर आणि सोबत एखादं, बस झालं.

गोळ्या कमी दिल्या की भीती वाटतेच असंही नाही. 'डूम इटर्नल'मध्येही (२०२०) त्या सतत संपतात, पण चेनसॉनं शत्रू कापला की गोळ्या मिळतात आणि लोळवलेल्याला हातानं संपवलं की आयुष्य भरतं. म्हणजे टंचाई तुम्हाला मागं रेटण्याऐवजी थेट शत्रूच्या अंगावर धाडते. तो भीतीचा गेम नाही आणि त्याला ती वाटवायचीही नाही.

प्रश्न: काउंटर-स्ट्राइक २ मध्ये समोरासमोर आलो की कायम मीच आधी मरतो. मित्र म्हणतात सेन्सिटिव्हिटी वाढव. माउस ८०० डीपीआयवर आहे, गेममध्ये ३ ठेवली, तरी तेच. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे. (परभणी)

उत्तर: मित्रांचा सल्ला उलटा आहे. डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी जितकी जास्त, तितका माउस थोडा सरकला तरी नेम जास्त फिरतो. ८०० डीपीआय आणि ३ म्हणजे माउस जेमतेम १७ सेंटिमीटर सरकला की पूर्ण गिरकी होते. डोक्यावर नेम धरताना बोट थरथरलं तरी नेम खांद्याबाहेर. १ ठेवली की गिरकीला सुमारे ५२ सेंटिमीटर लागतात, १.२ वर ४३. या दोहोंच्या मधला एक आकडा धरा आणि किमान दोन आठवडे हात लावू नका. रोज थोडी बदलली तर हाताला काहीच बसत नाही. पहिले चार दिवस मागं वळणं जड जाईल, कारण आता मनगटाऐवजी कोपरापासून हात हलवायचा आहे. त्यासाठी जागा लागते. कॉम्प्युटर टेबलाच्या सरकत्या फळीवर कीबोर्डशेजारी माउसला वीतभरही जागा उरत नाही, म्हणून दोन्ही टेबलावर वर घ्या आणि ४० सेंटिमीटर रुंदीचा पॅड टाका. व्हॅलोरंट खेळत असाल तर इथला आकडा ३.१८ नं भागून तिथं टाका, हात तोच राहील.

मॉनिटरचं आधी तपासा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि तिथं १४४ निवडलेलं आहे का पाहा. कितीतरी जणांचा १४४ चा मॉनिटर वर्षानुवर्षं ६० वर चालतो. ६० वर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ वर ६.९. सोबतच व्ही-सिंक (गेमची चित्रं मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सोय) बंद करा, त्यानं हात आणि पडदा यांत अंतर पडतं.

आता खरा दोष. तुम्ही बहुधा चालता चालता गोळी मारता. या गेममध्ये पाय चालू असताना रायफलची गोळी नेमावर जात नाही. डी दाबून उजवीकडे निघालात तर डी सोडा, डावीकडे नेणाऱ्या ए ला निसटता स्पर्श करा, पाय जागच्या जागी थांबतील, त्याच क्षणी गोळी सोडा. ए जास्त वेळ दाबलात तर उलट दिशेला चालायला लागाल आणि गोळी पुन्हा वाकडी. रिकाम्या मॅपवर भिंतीवर एकेक गोळी मारून पाहा, खूण नेमाच्या मधोमध पडली की जमलं.

उरलेलं थोडक्यात. नेम जमिनीकडे नको, चालतानाही डोक्याच्या उंचीवर ठेवा. कोपऱ्याला चिकटून डोकावू नका, कारण कोपऱ्यापासून लांब उभा असलेल्याला समोरचा आधी दिसतो. ए-के रायफलच्या ३० गोळ्या एका दमात सोडल्या तर आधी वर चढतात, मग आडव्या झोकांड्या खातात. लांबवर एक-दोन आणि मध्यम अंतरावर तीन-चार गोळ्या मारून थांबा. ए-के नेहमीच्या अंतरावर हेल्मेट असलेल्यालाही डोक्यातल्या एका गोळीत पाडते, एम-४ रायफलला दुसरी लागते. म्हणून गेममधल्या पैशांत २७०० डॉलरची ए-के हातात असताना मरणं महागात पडतं. तुम्ही फेरी संपेपर्यंत बसून राहता, आणि खाली पडलेली तुमचीच बंदूक उचलून समोरचा खेळतो.

प्रश्न: एप्रिल-मेमध्ये गेम अर्ध्या तासानं अडखळायला लागतो. वर लाइट गेली की घरात इन्व्हर्टर असूनही पीसी बंद पडतो. (हिंगोली)

उत्तर: खोलीतच ४० अंश असतील तर पंखा गरम हवाच गरम भागावर मारतो. प्रोसेसर ९५-१०० अंशांवर गेला की स्वतःच वेग कमी करतो, त्यालाच तुम्ही अडखळणं म्हणता. गेममध्ये फ्रेमची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा ६० ठेवा, हॉरर गेमला त्याहून जास्त लागतच नाही. लॅपटॉप असेल तर पॉवर ऑप्शनमध्ये कमाल प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, बूस्ट (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होऊन तापमान चांगलंच उतरतं. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा. ब्लोअरनं धूळ काढताना पंख्याची पाती बोटानं धरा, गरगर फिरू दिली तर बेअरिंग जातं. आणि कूलरचा झोत पीसीवर घेऊ नका. बोअरच्या पाण्याचे तुषार आत वाळले की पांढरा थर बसतो.

इन्व्हर्टरच्या मागं किंवा समोर मोडचं बटण असतं. ते यूपीएसवर करा. दुसऱ्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जो वेळ लागतो तेवढ्यात पीसी बंद पडतो. तरीही पडत असेल तर भार जास्त आहे. पीसीसाठी वेगळा घेतला तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो आणि ग्राफिक कार्डाचा पीसी गेम चालू असताना सहज तेवढे ओढतो. राउटरही त्याच्यावरच घ्या. सेव्हची खूण फिरत असताना लाइट गेली तर सेव्ह फाइल बिघडू शकते, म्हणून मोठ्या गेममध्ये एकाआड एक दोन-तीन जागी सेव्ह करा.

प्रश्न: माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. मोबाइलवर बंदुकीचे गेम खेळतोच, आता चुलतभावाचं बघून भुताचे गेम मागतोय. काय खेळू द्यावं? (एक आई, अंबाजोगाई)

उत्तर: ताई, वर ज्यांची नावं आली ते आउटलास्ट, रेसिडेंट ईव्हिल, डेड स्पेस हे अठरा वर्षांवरच्यांसाठी आहेत. त्यांना सरळ नाही म्हणा, आणि यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना बघणंही त्यातच धरा. या वयात बंदुकीच्या गेमपेक्षा हॉररबाबत कडक राहावं असं आमचं स्पष्ट मत आहे. बंदुकीचा गेम फोन ठेवला की बऱ्याच अंशी मागं पडतो. भुताचा रात्री गच्चीवर झोपताना सोबत येतो.

मोबाइलचं म्हणाल तर मूळ फ्री फायर फेब्रुवारी २०२२ पासून आपल्याकडे बंद आहे, फ्री फायर मॅक्स चालतो. बीजीएमआय (पब्जीची भारतीय आवृत्ती) २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. पण मुलानं वय खोटं टाकलं असेल तर ती लागूच होत नाही. खातं उघडून आधी वय पाहा. अनोळखी लोकांशी बोलायचा माइक बंद करा, कारण तिथल्या शिव्या गोळ्यांपेक्षा वाईट. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असं करा आणि तुमचा यूपीआय पिन त्याला कळू देऊ नका.

प्रश्न: पंधरा मिनिटं खेळलं की मळमळतं. ट्रकमध्ये, एसटीत काही होत नाही. (उदगीर)

उत्तर: डोळे सांगतात हललो, कान सांगतो बसलोय. मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट होणं), हेड बॉब (चालताना नजर वरखाली होणं) आणि कॅमेरा शेक (चित्र थरथरणं), तिन्ही बंद करा. फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यावर किती रुंद दिसतं त्याचे अंश) ६०-७० असेल तर ९० पर्यंत न्या. पडद्याच्या मधोमध ठिपका दिसत राहील असं करा, नजरेला टेकू मिळतो. खोलीत दिवा लावा आणि थोडं मागं सरका. कपाळाला घाम आला की लगेच थांबा. नेटानं खेळत राहून सवय होत नाही, उलट पुढच्या वेळी लवकर मळमळतं. तरीही जमलं नाही तर पात्र पाठीमागून दिसतं असे गेम घ्या, रेसिडेंट ईव्हिल २ त्यातलाच.

प्रश्न: आयजीआय आता खेळण्यासारखा राहिलाय का? (बीड)

उत्तर: हो, पण आठवणींसाठी नव्हे. २००० सालच्या या बंदुकीच्या गेमचे शत्रू मठ्ठ आहेत. अलार्म वाजला की बराकीतून माणसं येतच राहतात. पण १४ मोहिमांपैकी एकीतही मध्येच सेव्ह करता येत नाही, आणि त्यामुळं शेवटच्या कुंपणाजवळ आलं की हात खरोखर कापतात. कित्येक हॉरर गेमना ते साधलेलं नाही. अंतरावरून दुर्बिणीनं पाहा, कॅमेरे आधी बंद करा, आवाज न करणारं हत्यार जवळ ठेवा. जुने गेम नव्या विंडोजवर नीट दिसत नसतील तर डीजीव्हूडू नावाचं छोटं सॉफ्टवेअर वापरून पाहा. आणि जुन्या गेमसाठी विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' (माउसच्या वेगाप्रमाणे नेम कमीजास्त फिरवणारी सोय) बंद करा. काउंटर-स्ट्राइक २ माउस थेट वाचतो, जुन्या गेमांचं तसं नसतं.

प्रश्न: ७.१ हेडफोन घ्यावा का? (जालना)

उत्तर: नको. ७.१ म्हणजे चहूबाजूंनी आवाज येतोय असा भास देणारा. कान दोनच आहेत, त्याच पैशात चांगला स्टिरिओ घ्या. गेममध्ये हेडफोनसाठी आवाजाची सोय असेल तर ती चालू ठेवा आणि विंडोजचा सराउंड बंद करा. दोन्ही चालू राहिले तर पावलं मागं वाजली की पुढं, ते कळत नाही.