तेल बदललं की साबण का बदलतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरी साबण करणाऱ्यांचे यावेळी बरेच प्रश्न आलेत. कुणाचा मऊ पडला, कुणाचा त्वचा कोरडी करतो, कुणाचा नुसता बुळबुळीत, पण खोलात गेलं की सगळे एकाच जागी येऊन थांबतात: तेलात कुठली फॅटी अॅसिड्स किती आहेत.

ताई, रेसिपीत खोबरेल, पाम आणि ऑलिव्ह होतं. ऑलिव्ह नव्हतं म्हणून तेवढंच सूर्यफूल तेल घातलं. वड्या दीड महिना सुकवल्या तरी बोट रुततं, आता वर नारिंगी ठिपके आलेत आणि खवट वास येतोय. कॉस्टिक सोडा कमी पडला का?

नाही हो, सोडा बरोबर होता. ऑलिव्ह आणि सूर्यफूल दोघांना सोडा जवळपास सारखाच लागतो, म्हणून तिथे काही चुकलं नाही. चुकलं ते तेलाच्या स्वभावात.

बघा, तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन फॅटी अॅसिड्स. सोडा ती जोडणी तोडतो, ग्लिसरीन सुटं होतं आणि त्या अॅसिडचा सोडियमचा क्षार बनतो, तोच आपला साबण. म्हणजे तेल दिसेनासं झालं तरी त्यातली अॅसिड्स साबणात तशीच बसलेली असतात, आपापला स्वभाव घेऊन. पामिटिक आणि स्टिअरिक या फॅटी अॅसिड्सच्या कार्बनच्या साखळ्या सरळ असतात, एकमेकींना चिकटून घट्ट बसतात, म्हणून वडी कडक होते. ओलेइकच्या साखळीत एक डबल बाँड (दोन कार्बनमधली दुहेरी जोडणी) असतो, तिथे ती वाकते. लिनोलेइकमध्ये असे दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. वाकड्या साखळ्या नीट रचल्या जात नाहीत आणि वडी मऊ राहते.

साध्या सूर्यफूल तेलात लिनोलेइक अॅसिड बहुतेक वेळा 60 टक्क्यांच्या आसपास असतं, ऑलिव्हमध्ये साधारण 10. तुमच्या वडीत ते किती वाढलं असेल बघा! आणि मऊपणा हे अर्धंच दुखणं, दोन डबल बाँडच्या मधली जी जागा असते ना, हवेतला ऑक्सिजन नेमका तिथेच हल्ला करतो, त्यातून खवटपणा येतो आणि ते नारिंगी ठिपके म्हणजे त्याचीच खूण. सुपरफॅट म्हणून जे थोडं तेल आपण मुद्दाम साबण न होता सोडतो ते तर आणखी लवकर खवट होतं. लोखंड किंवा तांब्याचा अंश असला की हे सगळं अजून वेगाने होतं, म्हणून गंज आलेल्या जाळीवर वड्या सुकवत ठेवू नका.

माझा नियम सांगते: लिनोलेइक आणि लिनोलेनिक मिळून सगळ्या तेलांच्या 15 टक्क्यांच्या आत ठेवायचं. सूर्यफूलच वापरायचं असेल तर बाटलीवर 'हाय ओलेइक' लिहिलंय का बघा, नाव तेच पण आत बहुतांश ओलेइक असतं, साबणात ते ऑलिव्हसारखं वागतं. जवसाचं तेल मात्र नकोच, त्यात निम्म्याहून जास्त लिनोलेनिक असतं. आत्ताच्या वड्या फेकू नका, फडकी-बिडकी धुवायला चालतील.

नुसत्या खोबरेल तेलाचा साबण केला. मस्त कडक, फेस भरपूर, पण अंघोळ झाली की अंग ओढल्यासारखं होतं. तेवढाच सोडा ठेवून अर्ध्या खोबरेलच्या जागी ऑलिव्ह घातलं तर सौम्य होईल ना?

आधी थांबा, तेवढाच सोडा ठेवून अजिबात नाही! हे वाचून मला खरंच काळजी वाटली म्हणून आधी हेच.

1 ग्रॅम खोबरेलला साधारण 0.183 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड (म्हणजे आपला कॉस्टिक सोडा) लागतं, 1 ग्रॅम ऑलिव्हला 0.135. खोबरेलची साखळी छोटी, म्हणून तेवढ्याच वजनात रेणू जास्त आणि सोडाही जास्त. 500 ग्रॅम खोबरेलचा पूर्ण सोडा 91.5 ग्रॅम. त्यातलं 250 ग्रॅम ऑलिव्ह केलं की गरज 79.5 वर येते, म्हणजे 12 ग्रॅम सोडा वडीत मोकळा राहणार. तुमच्या रेसिपीत 5 टक्के सुपरफॅट धरलेलं असलं तरी 7 ग्रॅमच्या वर उरतोच. असा साबण त्वचा भाजतो. तेल बदललं, अगदी थोडं बदललं, तरी हिशोब पहिल्यापासून करायचा, ऑनलाइन सोप कॅल्क्युलेटर मिळतात ते वापरा आणि वजन ग्रॅमच्या काट्यावरच करा, वाटी-चमच्याने नाही. (सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि अॅल्युमिनियमचं भांडं घ्यायचं नाही. माहीत असेल तरी परत सांगते.)

आता कोरडेपणा. खोबरेलमध्ये लॉरिक अॅसिड साधारण 48 टक्के आणि मायरिस्टिक अॅसिड 18-19 टक्के. लॉरिकचा साबण पाण्यात पटकन विरघळतो, मोठा फेस देतो, खाऱ्या पाण्यातसुद्धा देतो, पण मळाबरोबर त्वचेचं स्वतःचं तेलही उचलून नेतो. यावर दोन वाटा. एक म्हणजे खोबरेल एकूण तेलाच्या 20 ते 30 टक्क्यांवर आणा. दुसरी म्हणजे नुसतं खोबरेलच ठेवा पण सुपरफॅट 20 टक्के करा, म्हणजे तेवढं तेल साबण न होता वडीत राहील. इतकं मोकळं तेल ठेवूनही हा साबण लवकर खवटत नाही कारण त्या तेलात डबल बाँड फारच कमी. हाच प्रयोग सूर्यफुलावर केलात तर काय होईल ते वरच्या उत्तरात आलंच.

निव्वळ ऑलिव्हचा साबण केला, फेस येतच नाही, हाताला नुसती बुळबुळ लागते. बिघडला का?

बिघडला नाही, तो असाच असतो. ऑलिव्हमध्ये ओलेइक 70 टक्क्यांच्या आसपास, त्याचा साबण, म्हणजे सोडियम ओलिएट, पाणी धरून ठेवतं आणि त्याची लाळ सुटते. इतर साबण 4 ते 6 आठवडे क्युअर करतात (म्हणजे सुकवून मुरू देतात), याला किमान 6 महिने द्या, जमलं तर वर्ष. कडक होईल, बुळबुळ कमी होईल, पण खोबरेलसारखा फेस कधीच येणार नाही. सौम्य मात्र आहे, मला स्वतःला आवडतो.

थांबायचं नसेल तर मिश्रण करा. 450 ग्रॅम ऑलिव्ह, 250 पाम, 250 खोबरेल, 50 एरंडेल. यात फेसाची लॉरिक-मायरिस्टिक जोडी साधारण 17 टक्के, कडकपणा आणि टिकाऊ साय-फेस देणारी पामिटिक-स्टिअरिक 22 च्या आसपास, ओलेइक 43, आणि लिनोलेइक 8 च्या आत. सोडा सगळा मिळून 148 ग्रॅम भरतो, 5 टक्के सुपरफॅट धरलं की 141. तरी तुमच्या कॅल्क्युलेटरवर एकदा तपासून घ्या, आकडे कुणाचेही असले तरी.

एरंडेलाने फेस टिकतो म्हणून 25 टक्के घातलं, साबण चिकट झाला.

प्रमाण 5 ते 8 टक्क्यांवर आणा. एरंडेलात जवळजवळ 90 टक्के रिसिनोलेइक असतं, त्याच्या साखळीवर एक जास्तीचा ओएच गट असतो, त्यामुळे त्याचा साबण पाण्यात सहज मिसळतो आणि दुसऱ्यांचा फेस धरून ठेवतो. जास्त झालं की वडी मऊ आणि चिकट.

वडी कडक व्हावी म्हणून तयार मिश्रणात स्टिअरिक अॅसिडची पावडर वितळवून ओतली, क्षणात भांड्यातच गोठलं. असं का?

तेलाला आधी ग्लिसरीनपासून तुटावं लागतं, त्यात वेळ जातो, तेवढ्यात आपण ढवळून मोल्डमध्ये ओततो. पावडर म्हणजे सुटं झालेलं अॅसिडच, ते सोड्याला भेटलं की लगेच साबण, तुम्हाला हात हलवायलाही सवड नाही. स्टिअरिक हवं असेल तर शिया बटर किंवा कोको बटरमधून घ्या, त्यात ते 30 ते 40 टक्क्यांच्या घरात असतं आणि ग्लिसरीनला बांधलेलं असतं. 10 टक्क्यांनी सुरुवात करा, पूर्ण वितळवून बाकी तेलात मिसळा आणि मगच सोड्याचं पाणी ओता.